ऑक्सिजन स्वतःच ‘फ्री रॅडिकल’ आहे, मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या कशाला?

निरोगी माणसाने ‘फ्री रॅडिकल्स मारण्यासाठी’ अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांचा फायदा दिसत नाही, खिसा मात्र हलका होतो आणि काही लोकांना त्यांचा अपाय झाल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. एवढे सांगून मी थांबलो, तर तुम्ही म्हणाल, ‘जाहिरातीत वेगळे सांगतात, व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळे येते, शेजारच्या काकू तिसरेच सांगतात, मग डॉक्टरांचेच का ऐकायचे?’ प्रश्न रास्त आहे. म्हणून आज कारण मुळापासून सांगतो. त्यासाठी अकरावीच्या रसायनशास्त्रातले एक छोटे गणित लागेल. घाबरू नका. वजाबाकी आणि दोनाने भागाकार एवढे येत असले तरी पुरे.

खलनायक कोण?

जाहिरातीतली गोष्ट अशी असते : शरीरात फ्री रॅडिकल्स नावाचे दुष्ट कण फिरत असतात. ते पेशींवर हल्ला करतात, त्यामुळे सुरकुत्या, हृदयविकार, कर्करोग, म्हातारपण येते. आमची गोळी घ्या, दुष्टांचा नायनाट होईल.

फ्री रॅडिकल म्हणजे काय? रेणूतले इलेक्ट्रॉन साधारणपणे जोडीने राहतात. ज्या रेणूत किंवा अणूत एखादा इलेक्ट्रॉन जोडीविना एकटा असतो, त्याला फ्री रॅडिकल म्हणायचे. बस्स, व्याख्या एवढीच. तिच्यात ‘दुष्ट’ हा शब्द कुठेही नाही.

आता गंमत पाहा. तुम्ही श्वासातून घेता तो ऑक्सिजन या व्याख्येत बसतो, तोही दुपटीने. त्याच्या रेणूत एक नाही, दोन इलेक्ट्रॉन एकटे असतात. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आहे. आराम करत असताना आपले शरीर मिनिटाला साधारण पाव लिटर, म्हणजे दिवसाला साडेतीनशे लिटरच्या आसपास ऑक्सिजन वापरते. सगळे फ्री रॅडिकल ‘मारायचे’ ठरवले, तर पहिला बळी श्वासाचाच जाईल!

जोडणारे आणि तोडणारे

दोन अणू एकत्र येऊन रेणू तयार होतो, तेव्हा त्यांचे इलेक्ट्रॉन आपापल्या अणूपुरते राहत नाहीत. ते सगळ्या रेणूचे होतात आणि रेणूच्या सामाईक जागांत राहायला जातात. या जागांना मॉलिक्युलर ऑर्बिटल म्हणतात. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रीडरिश हुंड आणि रॉबर्ट मुलिकन यांनी ही कल्पना मांडली. मुलिकन यांना पुढे १९६६ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

या जागा दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात इलेक्ट्रॉनचा वावर दोन अणुकेंद्रांच्या मधोमध जास्त असतो. केंद्रे धन, इलेक्ट्रॉन ऋण. त्यामुळे मधला इलेक्ट्रॉन दोघांना जवळ ओढून धरतो. यांना आपण ‘जोडणारे’ म्हणू. दुसऱ्या प्रकारात इलेक्ट्रॉन मधली जागा टाळतो आणि बाहेरच्या बाजूला जास्त असतो. तो जोड सैल करतो. हे ‘तोडणारे’. एकत्र कुटुंबातही दोन्ही प्रकारची माणसे असतात : काही घर बांधून ठेवतात, काही कान भरून घर फोडतात. घर किती घट्ट राहील, हे दोघांच्या संख्येवर ठरते.

रसायनशास्त्रातला हिशोब असाच आहे. जोडणाऱ्यांच्या संख्येतून तोडणाऱ्यांची संख्या वजा करा आणि उत्तराला दोनाने भागा. येणाऱ्या आकड्याला बंधक्रम किंवा बॉन्ड ऑर्डर म्हणतात. आकडा जितका मोठा, तितका जोड घट्ट आणि अंतर कमी.

काही उदाहरणे पाहू.

हायड्रोजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन, दोन्ही जोडणारे. बंधक्रम एक.

हीलियमचे दोन अणू एकत्र आणले तर दोन जोडणारे, दोन तोडणारे. बंधक्रम शून्य. म्हणूनच फुग्यातला हीलियम सुट्या अणूंच्या रूपातच राहतो.

नायट्रोजनच्या रेणूत १४ इलेक्ट्रॉन : दहा जोडणारे, चार तोडणारे. बंधक्रम तीन. हा जोड इतका घट्ट की हवेतला ७८ टक्के नायट्रोजन आपल्या फुप्फुसात जातो आणि काही न करता परत येतो.

ऑक्सिजनच्या रेणूत १६ इलेक्ट्रॉन : दहा जोडणारे, सहा तोडणारे. बंधक्रम दोन.

ऑक्सिजनचे शेवटचे दोन इलेक्ट्रॉन तोडणाऱ्या जागांत जातात. तिथे सारख्याच पातळीच्या दोन खोल्या रिकाम्या असतात. एसटीत दोन बाके रिकामी असली की दोन अनोळखी प्रवासी वेगवेगळ्या बाकांवर बसतात, तसे हे दोन इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या खोल्यांत एकेकटे राहतात, आणि दोघांची फिरकी एकाच दिशेची असते. असे एकटे इलेक्ट्रॉन असलेला पदार्थ चुंबकाकडे ओढला जातो. ऑक्सिजन खरोखरच ओढला जातो! द्रवरूप ऑक्सिजन जोरदार चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला, तर तो तिथे लटकून राहतो. ऑक्सिजन चुंबकाकडे का ओढला जातो, हे कागदावर दोन रेघांचा साधा दुहेरी बंध काढून कळत नव्हते. जोडणाऱ्या-तोडणाऱ्या जागांच्या या हिशोबाने ते उलगडले.

या गुणाचा उपयोग तुमच्या ऑपरेशनच्या वेळीही होतो. भूल देण्याच्या अनेक यंत्रांत तुम्हाला किती ऑक्सिजन मिळतो आहे, हे त्याच्या चुंबकीय गुणावरूनच मोजले जाते.

एकेक इलेक्ट्रॉन वाढत गेला की

एकटे इलेक्ट्रॉन असूनही ऑक्सिजन आपल्याला जाळून का टाकत नाही? कारण आपल्या शरीरातल्या बहुतेक रेणूंचे इलेक्ट्रॉन जोडीने असतात, आणि ऑक्सिजनच्या त्या दोन खोल्यांत एका फिरकीचे पाहुणे आधीच बसलेले आहेत. त्यामुळे तो अख्खी जोडी एकदम घेऊ शकत नाही. त्याला एकेक इलेक्ट्रॉन घ्यावा लागतो. याने त्याचा वेग आवरला जातो. लाकूड हवेत आपोआप पेटत नाही, काडी ओढावी लागते, त्याचे एक मोठे कारण हेच.

पण शरीरात तो एकेक इलेक्ट्रॉन घेतो, तेव्हा काय होते? नवा इलेक्ट्रॉन तोडणाऱ्या जागेतच जातो, कारण तीच जागा उरलेली असते. आता हिशोब करा.

ऑक्सिजन : दहा वजा सहा, बंधक्रम दोन. अणूंमधले अंतर सुमारे १२१ पिकोमीटर. (एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग.)

एक इलेक्ट्रॉन वाढला की सुपरऑक्साइड : दहा वजा सात, बंधक्रम दीड. अंतर सुमारे १३३.

दोन वाढले की पेरॉक्साइड : दहा वजा आठ, बंधक्रम एक. अंतर सुमारे १४९.

प्रत्येक पायरीवर जोड सैल होतो आणि दोन्ही अणू एकमेकांपासून लांब सरकतात. याच्या उलटही होते. ऑक्सिजनमधून एक इलेक्ट्रॉन काढून घेतला तर एक तोडणारा कमी होतो, बंधक्रम अडीच होतो आणि अंतर ११२ वर येते. इलेक्ट्रॉन गमावून जोड घट्ट होतो, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण घर फोडणारा पाहुणा निघून गेल्यावर काय होते, हे वेगळे सांगायला नको.

पेरॉक्साइडचा हा सैल जोड तुम्ही घरी पाहिला असेल. हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेवर टाकले की फेस येतो. रक्तात आणि पेशींत कॅटालेज नावाचे एन्झाइम असते, ते पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करते. फेस हा त्या ऑक्सिजनचा. फेस आला म्हणजे जखम स्वच्छ झाली, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात हे रसायन जखम भरणाऱ्या पेशींनाही मारते. साध्या जखमेला स्वच्छ वाहते पाणी पुरते. करोनाच्या काळात काही जण या रसायनाची वाफ घेत होते. ते तर अजिबात करू नका.

पेरॉक्साइडला सुटे लोह भेटले, तर तो सैल जोड तुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. हा मात्र खरोखर आडदांड. जे जवळ सापडेल त्याच्यावर तुटून पडतो. म्हणून शरीर लोह मोकळे फिरू देत नाही. ट्रान्सफेरिन आणि फेरिटिन या प्रथिनांत ते बांधून ठेवते. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यातून लोह साठत जाते आणि हृदयाला, यकृताला इजा होते. ते लोह काढण्याचे औषध त्यांना का चुकवू नये, याचे उत्तर या एका रासायनिक क्रियेत आहे. (ज्यांना रक्तक्षय आहे आणि डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली आहे, त्यांनी हे वाचून गोळी बंद करू नये. तुमच्याकडे लोह कमी आहे, जास्त नाही.)

शरीर हातावर हात ठेवून बसलेले नाही

पेशीतल्या मायटोकाँड्रियात श्वासातल्या बहुतेक ऑक्सिजनचे पाणी होते. हे काम करणारे एन्झाइम ऑक्सिजनला चारही इलेक्ट्रॉन मिळून पाणी होईपर्यंत आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवते. अर्धवट अवस्थेत सोडत नाही. तरी थोडी गळती होते, थोडे सुपरऑक्साइड तयार होते. त्याच्यासाठी सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम तयार असते. अमेरिकेत जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ साली त्याचे हे काम उघड केले. ते सुपरऑक्साइडचे पेरॉक्साइड करते. पुढे कॅटालेज आणि ग्लुटाथायोनवर चालणारी एन्झाइमे पेरॉक्साइडचे पाणी करतात. हा बंदोबस्त प्रत्येक पेशीत चोवीस तास असतो, आणि गरजेनुसार शरीर तो वाढवतेसुद्धा.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की शरीर सुपरऑक्साइड मुद्दाम तयार करते. जंतू शिरला की पांढऱ्या पेशी त्याला गिळतात आणि त्याच्यावर सुपरऑक्साइडचा मारा करतात. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात पांढऱ्या पेशींना सुपरऑक्साइड बनवता येत नाही. जाहिरातीच्या हिशोबाने ही मुले भाग्यवान ठरायला हवीत! प्रत्यक्षात त्यांना वारंवार न्यूमोनिया होतो, यकृतात आणि गाठींत पू होतो, आणि जंतुसंसर्ग टाळण्याची औषधे सतत घ्यावी लागतात. फ्री रॅडिकल नसले की काय होते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

गोळ्यांची परीक्षा झाली, निकाल लागला

‘पण डॉक्टर, थोडे जास्त अँटिऑक्सिडंट पोटात गेले तर बिघडते कुठे?’ ही शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर तर्काने नाही, चाचणीने द्यावे लागते. चाचण्या झाल्या आहेत.

फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा कॅरोटीनने फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी अपेक्षा होती. १९९४ साली निकाल आला : बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेत सिगारेट ओढणारे, पूर्वी ओढणारे आणि अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आलेले कामगार यांना बीटा कॅरोटीन आणि ‘अ’ जीवनसत्त्व दिले गेले. तिथे कर्करोग २८ टक्के आणि मृत्यू १७ टक्के जास्त आढळल्याने ती चाचणी १९९६ साली मुदतीआधीच थांबवावी लागली. ‘ई’ जीवनसत्त्वाने प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का, हे ३५ हजारांहून जास्त पुरुषांत पाहिले गेले. २०११ साली कळले की रोज ४०० युनिट ‘ई’ घेणाऱ्यांत तो १७ टक्के जास्त झाला.

व्यायामाचे उदाहरण तर आणखी विचार करायला लावणारे आहे. व्यायामाने इन्सुलिन जास्त चांगले काम करू लागते; मधुमेहात आम्ही चालायला सांगतो ते याचसाठी. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका अभ्यासात काही तरुणांना व्यायामासोबत रोज १००० मिलिग्रॅम ‘क’ आणि ४०० युनिट ‘ई’ जीवनसत्त्व दिले, काहींना दिले नाही. चार आठवड्यांनी गोळ्या न घेणाऱ्यांत इन्सुलिनचे काम सुधारले, घेणाऱ्यांत सुधारले नाही. व्यायामात जे थोडे रॅडिकल तयार होतात, ते स्नायूला ‘तयारी वाढव’ असा निरोप देतात. गोळीने निरोप्यालाच वाटेत अडवले.

अमेरिकेतील प्रतिबंधक उपचारांविषयी शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञगटाने २०२२ साली स्पष्ट सांगितले : हृदयविकार आणि कर्करोग टाळण्यासाठी बीटा कॅरोटीन किंवा ‘ई’ जीवनसत्त्व घेऊ नका.

इथे लायनस पॉलिंग यांचे नाव घ्यावेच लागेल. रासायनिक बंधांविषयीच्या कामासाठी त्यांना १९५४ साली नोबेल मिळाले, पुढे १९६२ सालचे शांततेचेही मिळाले. ऑक्सिजनच्या चुंबकीय गुणावरून त्याचे प्रमाण मोजणारे यंत्र त्यांनी १९४० साली बनवले. आधी पाणबुड्यांसाठी, नंतर ते नवजात बाळांच्या पेट्यांसाठीही वापरले गेले. इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाने १९७० साली पुस्तक लिहून सांगितले की ‘क’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस सर्दी टाळतात. नंतरच्या चाचण्यांत सर्वसाधारण लोकांत ते खरे ठरले नाही; सर्दीचा काळ फक्त थोडासा कमी झाला. कर्करोगावरचा त्यांचा दावाही मेयो क्लिनिकच्या चाचण्यांत टिकला नाही. बंधांचे गणित कोणी कितीही अचूक मांडो, गोळीचा परिणाम माणसांवर तपासल्याशिवाय कळत नाही. हा नियम नोबेलविजेत्याला लागू आहे, तसा मलाही.

एक रॅडिकल जिभेखाली ठेवतात

नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून नायट्रिक ऑक्साइड होते. इलेक्ट्रॉन पंधरा : दहा जोडणारे, पाच तोडणारे. बंधक्रम अडीच. इलेक्ट्रॉनची संख्या विषम, म्हणजे एक एकटा राहणारच. थोडक्यात, हाही फ्री रॅडिकल. बरीच वर्षे याची ओळख गाड्यांच्या धुरातला एक प्रदूषक वायू एवढीच होती. मग कळले की आपल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर तो सतत तयार करते आणि त्यामुळे रक्तवाहिन्या सैल राहतात. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ सालचे नोबेल मिळाले.

छातीत दुखल्यावर हृदयरोगी जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवतात. त्या गोळीतून शरीरात नायट्रिक ऑक्साइडच तयार होते. लैंगिक दुर्बलतेवरची सिल्डेनाफिल जातीची गोळी याच मार्गावर, पुढच्या पायरीला काम करते. म्हणून दोन्ही एकत्र घेतल्या तर रक्तदाब धोकादायक इतका खाली जातो. अशी गोळी घेत असाल तर छातीत दुखल्यावर डॉक्टरांपासून लपवू नका. लाजेपेक्षा जीव मोठा.

आता सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड समोरासमोर आले तर? दोघांकडे एकेक एकटा इलेक्ट्रॉन. ते लगेच जोडी करतात आणि उपयोगी नायट्रिक ऑक्साइड वाया जाते. धूम्रपान, मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांत रक्तवाहिनीच्या भिंतीत सुपरऑक्साइड वाढते आणि नेमके हेच घडते. तेव्हा खरा ‘अँटिऑक्सिडंट उपाय’ पाहिजे असेल, तर विडी-सिगारेट सोडा, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा. नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसण्यात काय अर्थ आहे?

आकडा सारखा, स्वभाव वेगळा

बंधक्रमाचे कौतुक केले, आता त्याची मर्यादाही सांगतो. कार्बन मोनॉक्साइडमध्ये नायट्रोजनइतकेच १४ इलेक्ट्रॉन. दहा वजा चार, बंधक्रम तीन. दोघांनाही रंग नाही, वास नाही. एक आपण आयुष्यभर श्वासात घेतो, दुसरा बंद न्हाणीघरात काही मिनिटांत माणूस बेशुद्ध करतो.

फरक कशाने? नायट्रोजनची दोन्ही टोके सारखी आहेत. कार्बन मोनॉक्साइडची नाहीत. त्याच्या कार्बनच्या टोकाला इलेक्ट्रॉनची एक जोडी बाहेर डोकावत असते. ती तो हिमोग्लोबिनच्या लोहाला देतो, आणि लोहाकडून आपल्या रिकाम्या तोडणाऱ्या जागांत थोडे इलेक्ट्रॉन घेतो. अशी दुहेरी देवाणघेवाण झाल्याने तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. लॅबच्या रिपोर्टमधला एकच आकडा पाहून मी निदान करत नाही, त्याचे कारणही असेच आहे : आकडा खरा असतो, पण तो पूर्ण गोष्ट सांगत नाही.

हे नुसते ज्ञान म्हणून सोडू नका. आपल्याकडे घरोघरी गॅस गीझर आहेत. न्हाणीघर लहान, खिडकी बंद, आणि गीझर आतच. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. ते जमत नसेल तोवर दार उघडे ठेवून बादली भरा, गीझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. घरातल्या दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, गरगरले, उलट्या झाल्या, तर पित्त म्हणून सोडून देऊ नका. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, मग १०८ला फोन करा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते आणि तो ९८-९९ दाखवू शकतो. आकडा चांगला आहे म्हणून घरी थांबू नका. यावर औषध म्हणजे भरपूर ऑक्सिजन, आणि तो रुग्णालयातच मिळतो.

मग तुम्ही काय करायचे?

फळे, पालेभाज्या, डाळी, शेंगदाणे, आवळा, पेरू हे सगळे खा. फळे-भाज्या भरपूर खाणाऱ्यांची तब्येत चांगली असते हे खरे आहे. पण त्यांतला एखादा पदार्थ वेगळा काढून बाटलीत भरला की तोच फायदा मिळतो, हे खरे ठरलेले नाही.

रोज चाला. व्यायामाने शरीराचा स्वतःचा बंदोबस्त वाढतो.

तंबाखू कोणत्याही रूपात नको.

‘त्वचा उजळते’ म्हणून ग्लुटाथायोनची इंजेक्शने टोचून घेऊ नका. रंगासाठी शिरेतून औषध घेण्याइतकी त्याची सुरक्षितता सिद्ध झालेली नाही.

कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर कोणतीही अँटिऑक्सिडंट गोळी सुरू करण्याआधी तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा. रेडिएशन आणि काही औषधे रॅडिकल तयार करूनच काम करतात. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ‘क’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस टाळावेत.

अपवादही सांगायला हवेत. एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता तपासून सिद्ध झाली असेल, तर ते घ्यायलाच हवे. वयामुळे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत असेल, तर मध्यम टप्प्यावर नेत्रतज्ज्ञ जीवनसत्त्वे, झिंक आणि ल्युटिन यांचे एक ठरावीक मिश्रण देतात. त्याचा उपयोग चाचण्यांत दिसला आहे. अशी गोळी माझा लेख वाचून बंद करू नका. गोळी कोणत्या आजारासाठी, किती दिवस आणि कोणत्या पुराव्यावर, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळत असतील तर ती औषध आहे. उत्तर ‘सर्वसाधारण तब्येतीसाठी चांगली’ एवढेच असेल, तर ती विक्री आहे.

पुढच्या वेळी माझ्याकडे किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या ‘टॉनिक’च्या बाटल्या पिशवीत घालून न्या आणि प्रत्येकीविषयी हे तीन प्रश्न विचारा. परत येताना पिशवी हलकी होण्याची शक्यता बरीच आहे. वाचलेल्या पैशांचे पेरू आणा.